नेस्बिट की निस्बेट? एका स्कॉटिश आडनावाचा हर्णैतून घेतलेला माग

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा जहाजावरच्या नोकरीसाठी कागदपत्रे गोळा करत होता. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, जन्माच्या दाखल्यावर दुसरे आणि दादाच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, जुन्या कागदांवर तिसरेच. एका कार्यालयाने अर्ज परत केला आणि ही सगळी नावे एकाच घरातली असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले. संध्याकाळी तो दापोलीला माझ्याकडे आला, ओटीवर कागद पसरले आणि म्हणाला, "आत्या, आपलं आडनाव नक्की लिहायचं तरी कसं?"

मराठीत याचे उत्तर एका शब्दात देता येते. केळशीकर हे माझे माहेरचे आडनाव. आमचे पूर्वज केळशीहून हर्णैला येऊन राहिले म्हणून केळशीकर, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. रोमन लिपीत मात्र 'ळ'ला घर नाही, 'श'साठी कोणी नुसता 'एस' लिहितो तर कोणी त्याला 'एच' जोडतो, आणि मधला इकार ठेवायचा की गाळायचा हे लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते. त्या रात्री मी आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात त्यांचा मुंबईच्या गिरणीतला पास आहे. जाड पिवळट पुठ्ठा, एका कोपऱ्याला गंजलेल्या टाचणीचा डाग, आणि निळ्या शाईत कोणा कारकुनाच्या हातचे नाव: के, ई, एल, एस, के, ए, आर. म्हणजे केल्स्कर. त्याच्याच खाली आजोबांची बाळबोध सही आहे, 'ळ'चे दोन्ही वाटोळे सावकाश, ठळक काढलेले. ट्रंकेच्या तळाशी घराच्या जागेचा एक मोडी कागद आहे. त्यावर बोरूने लिहिलेले आडनाव मी बोट फिरवत वाचले तेव्हा ते 'केळसीकर' निघाले. एका माणसाच्या घरात एका आडनावाची एवढी रूपे असतील, तर यांतले खरे कोणते, या भाच्याच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता येईना.

योगायोग असा की त्याच दिवसांत मी हर्णै-बाणकोट भागात येऊन मराठी शिकलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांविषयी वाचत होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम आपल्या किनाऱ्यावर १८२३ साली बाणकोटला सुरू झाले. रॉबर्ट नेस्बिट १८२७ मध्ये मुंबईत आले आणि पुढे काही काळ हर्णैला राहिले. सेंट अँड्रूज विद्यापीठात टॉमस चामर्स यांच्या प्रभावाखाली मिशनरी कार्याकडे ओढल्या गेलेल्या ६ विद्यार्थ्यांपैकी ते एक. कलकत्त्याला गेलेले अलेक्झांडर डफ हे त्यांतले दुसरे. नेस्बिट यांच्या मराठीची त्यांच्या बरोबरीचे लोक फार वाखाणणी करत. १८५५ मध्ये मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला. धर्मांतराच्या त्यांच्या कामाविषयी माझी मते वेगळी आहेत आणि तो या लेखाचा विषयही नाही. मी चाळीस वर्षे मराठी शिकवली, त्यामुळे आमच्या गावात बसून आमची भाषा मन लावून शिकलेल्या माणसाचे मला अप्रूप वाटते, इतकेच. त्यांच्याविषयी वाचताना मला त्यांचे आडनाव कुठे नेस्बिट, कुठे नेसबिट, कुठे निस्बेट असे मराठीत दिसले, आणि इंग्रजीत पाहावे तर तिथेही पहिला स्वर कधी 'ई' तर कधी 'आय', शेवटी कधी एक 'टी' तर कधी दोन. आधी मला वाटले, हे छापणाऱ्यांचे दुर्लक्ष. शोध घेऊ लागले तेव्हा कळले की हा घोळ छापखान्याचा नाही. या आडनावाला निदान सातशे वर्षे एक स्थिर स्पेलिंग लाभलेच नव्हते.

आडनाव मुळात गावाचे आहे. स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडच्या सीमेला लागून बेरिकशायर नावाचा परगणा होता. त्यातल्या एड्रम पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, डन्स या गावाच्या दक्षिणेला, ब्लॅकॲडर नदीच्या काठी निस्बेटची जहागीर होती. बेरिक हा शब्दसुद्धा पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' लिहितात आणि तो उच्चारात कुठेच येत नाही. ज्या शहरावरून परगण्याला हे नाव पडले ते बेरिक १४८२ पासून इंग्लंडकडे आहे, आणि परगणा मात्र स्कॉटलंडमध्ये राहिला. मुंबईतल्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन याच परगण्यातल्या लॉडर गावी १८०४ मध्ये जन्मले होते, आणि १८२९ मध्ये मुंबईत उतरल्यावर मराठीचे पहिले धडे गिरवायला तेही आपल्याच किनाऱ्यावर आले होते. ज्या परगण्यातून नेस्बिट हे आडनाव निघाले त्याच परगण्यातला एक माणूस हर्णैच्या परिसरात बसून आमची मुळाक्षरे गिरवत होता, हे कळल्यावर मला तो दूरचा मुलूख एकदम ओळखीचा वाटू लागला.

निस्बेट या गावनावाची फोड अभ्यासक जुन्या इंग्रजीतून करतात. पहिल्या भागात नाकाचा शब्द आहे आणि दुसऱ्यात वळणाचा किंवा तुकड्याचा. म्हणजे नाकासारखी पुढे आलेली, वळण घेतलेली जमीन. ही फोड वाचून मला ती मुळीच परकी वाटली नाही. आपण डोंगराच्या उतरत्या धारेला सोंड म्हणतो, समुद्रात घुसलेल्या जमिनीला भूशिर म्हणतो, रस्ते मिळतात त्या जागेला नाका म्हणतो. जमिनीला शरीराचे अवयव लावायची खोड माणसाला सगळीकडे आहे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली पाहिले की खाडीने टाकलेला बाक, तिच्या तोंडाशी साठलेली वाळू आणि पलीकडे पाण्यातला सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो. लहानपणी वडील तिथे उभे राहून मला डोंगराची एकेक सोंड बोटाने दाखवत आणि तिचे नाव विचारत. ब्लॅकॲडरच्या काठी ज्याने प्रथम त्या जमिनीला नाक म्हटले, त्याच्याही डोळ्यासमोर असेच काहीतरी असणार. या पायरीवर मात्र एक सावधगिरी हवी. नाशिकचे नाव शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडले अशी कथा आपण सगळेच ऐकतो, आणि नाव जुने असले की त्याला अशी एखादी गोष्ट चिकटतेच. ती गोष्ट जपावी, पण तिला व्युत्पत्ती मानू नये. निस्बेटमधले नाक जमिनीचे आहे, कोणा माणसाचे नाही.

बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका दानपत्रावर विल्यम द नेस्बिट असा साक्षीदार आढळतो. यातला 'द' हा लॅटिन आणि फ्रेंच कागदपत्रांतला शब्द. त्याचा अर्थ 'चा' किंवा 'इथला'. विल्यम द नेस्बिट म्हणजे नेस्बिटचा विल्यम, आपल्या भाषेत सरळ विल्यम नेस्बिटकर. पुढे हा 'द' गळून पडला आणि गावाचे उघडे नावच आडनाव होऊन बसले. आपल्याकडे 'कर' शब्दाच्या शेवटी घट्ट चिकटलेला असल्यामुळे टिकून राहिला. दाभोळकर, चिपळूणकर, गुहागरकर, मालवणकर, वेंगुर्लेकर ही आडनावे उच्चारली की गाव आपोआप कानावर पडते. निस्बेट म्हटल्यावर स्कॉटिश माणसालाही आज ते गावाचे नाव आहे हे सांगावे लागते.

एक फरक मात्र मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे 'कर' बहुधा गाव सोडल्यावर लागतो. केळशीत राहणाऱ्याला केळशीत कोणी केळशीकर म्हणत नाही. तो हर्णैला आला की शेजारी त्याला तसे म्हणू लागतात. निस्बेटची गोष्ट उलट दिशेने सुरू झाली, कारण तिथे आधी जमिनीचा धनीच त्या जमिनीचे नाव धारण करून तिथेच बसला होता. ज्याचे आडनाव आणि ज्याची जहागीर एकाच नावाची, त्याच्यासाठी स्कॉटिश लेखनात एक खास पदवीवजा शब्दप्रयोग आहे: 'ऑफ दॅट इल्क', म्हणजे 'त्याच नावाचा'. 'निस्बेट ऑफ दॅट इल्क' म्हणजे निस्बेटचा निस्बेट. त्याच्या कुळांनी, चाकरांनी, गाव सोडून शहरात गेलेल्या कारागिरांनीही तेच नाव लावले असणार हे उघड आहे, आणि त्यांच्या बाबतीत मात्र ते अगदी आपल्या 'कर'सारखे, परगावी ओळख पटवण्यासाठी आलेले आहे. म्हणून एक आडनाव म्हणजे एक रक्त, असे तिथेही म्हणता येत नाही आणि आपल्याकडेही नाही. सगळे केळशीकर माझे भाऊबंद नाहीत. त्यांची कुलदैवते वेगळी आहेत, जातीही वेगळ्या आहेत. स्कॉटलंडमध्ये निस्बेट नावाचे आणखी एक गाव रॉक्सबरोशायरमध्ये टेव्हियट नदीच्या काठी आहे आणि सीमेपलीकडे इंग्लंडच्या ईशान्य भागातही नेस्बिट नावाच्या वस्त्या आहेत. माझगावातला नेसबिट रोड अनेकांनी पाहिलेला असेल. पण केवळ नाव सारखे म्हणून त्याचा धागा हर्णैच्या नेस्बिटांशी जोडण्याचा मोह मी टाळला आहे.

आता स्पेलिंगकडे येते. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडमधल्या जमीनदारांकडून, धर्मगुरूंकडून आणि नगरांच्या प्रतिनिधींकडून निष्ठेची शपथ वदवून घेतली. त्या शपथांची जी लांबलचक गुंडाळी तयार झाली तिला रॅगमन रोल म्हणतात आणि तिच्यात दीड हजारांहून अधिक नावे आहेत. बेरिकशायरचे नेस्बिटही त्यांत आहेत. नाव सांगणारा स्कॉटिश, ऐकून लिहिणारा इंग्लंडच्या राजाचा कारकून, आणि कागदाची भाषा नॉर्मन फ्रेंच. तो माणूस स्वतःचे नाव कसे लिहील हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी बहुतेकांना लिहिताच येत नव्हते. माझ्या आजोबांना लिहिता येत होते, तरीही गिरणीच्या कारकुनाने त्यांना विचारले नाही. रॅगमन रोलमधली नावे वाचताना मला तो पुठ्ठ्याचा पास पुनःपुन्हा आठवत राहिला.

स्कॉट्स भाषेत, म्हणजे इंग्रजीच्या स्कॉटलंडमधल्या बहिणीत, पहिला स्वर 'इ' आणि 'ए' यांच्या सीमेवर घुटमळत असल्यामुळे कोणी तो 'आय' ने लिहिला, कोणी 'ई' ने. त्यानंतर ज्या प्रदेशात कुटुंबे गेली त्या प्रदेशाच्या सवयीने ती ती रूपे घट्ट झाली. मूळ स्कॉटिश घराण्याने 'आय' आणि शेवटी 'ई-टी' हे रूप पसंत केले. सतराव्या शतकापासून स्कॉटिश लोक मोठ्या संख्येने उत्तर आयर्लंडमध्ये, अल्स्टरमध्ये, वसायला गेले आणि तिथे 'ई', पुन्हा 'आय' आणि शेवटी दोन 'टी' हे रूप रुजले. ईशान्य इंग्लंडमध्ये पहिल्या स्वराला 'ए-आय' लिहून नेझबिट असा उच्चार दाखवणारे रूप दिसते. कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरच्या डॉक्टर निस्बेट यांची विधवा फ्रान्सिस निस्बेट हिने १७८७ मध्ये होरेशिओ नेल्सनशी लग्न केले, तिचे आडनाव 'आय' वाले. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध बालसाहित्यिका ईडिथ नेस्बिट यांचे 'ई' वाले, एका 'टी'चे. मूळ एकच, आणि चुकीचे यांतले एकही नाही.

या आडनावाच्या दोन माणसांपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. एअरशायरचा मर्डॉक निस्बेट हा रूढ चर्चच्या विरोधातल्या लोलार्ड पंथाचा माणूस. त्याने १५२० च्या सुमारास बायबलचा नवा करार स्कॉट्स भाषेत उतरवला. ते हस्तलिखित त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या लपवून जपले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कुठे ते छापून निघाले. ते आधी छापले गेले असते तर स्कॉट्स भाषेच्या शुद्धलेखनाला कदाचित एक आधार मिळाला असता. तसे झाले नाही आणि छापील धर्मग्रंथ इंग्रजीतच आला, हे भाषेच्या शिक्षिकेला चटका लावणारे आहे. दुसरा अलेक्झांडर निस्बेट, मानचिन्हांच्या शास्त्रावर १७२२ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारा विद्वान. त्याच्या घराण्याची निस्बेटची जहागीर सतराव्या शतकाच्या मध्यात, यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्यावर, हातातून गेली होती आणि ती 'कर' (आपल्या 'कर' प्रत्ययाशी याचा संबंध नाही) आडनावाच्या स्कॉटिश घराण्याकडे आली होती. त्या घराण्याच्या आडनावाचीही तीच तऱ्हा: कोणी एक 'आर' लिहितो, कोणी दोन, आणि इंग्लंडात ते 'सी'ने सुरू होऊन कार होते. गाव दुसऱ्याचे झाले होते, आणि या माणसाने उरलेले आयुष्य इतरांच्या घराण्यांची ढाल-चिन्हे नोंदवण्यात घालवले. निस्बेटांच्या ढालीवर रानडुकराची तीन मस्तके आहेत. इथे हेही सांगितले पाहिजे की स्कॉटिश कायद्याप्रमाणे असे चिन्ह आडनावाचे नसते. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वारसाला मिळते, आणि त्याची सरकारी नोंदवही १६७२ पासून आहे. निस्बेट आडनावाच्या कोणीही दुकानातून तीन रानडुकरांचा मग विकत आणला म्हणून ते चिन्ह त्याचे होत नाही.

स्कॉटिश आडनावांची इतरही गुपिते या निमित्ताने हाती लागली. नेस्बिट यांच्या गुरूंचे आडनाव चामर्स. त्यात 'ए'नंतर एक 'एल' लिहितात आणि तो कोणी उच्चारत नाही. हे आडनाव मुळात इंग्रजी 'चेंबर्स'चाच भाऊ, खोलीच्या शब्दावरून आलेले. स्कॉट्स भाषेत 'अल'चा उच्चार 'ऑ' असा झाला होता, म्हणून लांब स्वर दाखवायला लिहिणाऱ्यांनी 'एल' घातला. ते अक्षर उच्चाराची खूण म्हणून आले आणि पुढच्यांना कोडे होऊन बसले. याहून नवलाचे मेंझीस. याचा जुना उच्चार मिंगिस असा आहे. जुन्या स्कॉट्स लेखनात 'योग' नावाचे एक अक्षर होते. ते 'य'सारख्या ध्वनीसाठी वापरत. छापखान्यांत त्याचा खिळा नसल्यामुळे छापणाऱ्यांनी त्याच्यासारखा दिसणारा 'झेड' बसवला, आणि मॅकेन्झी या नावात तर तो खिळा शेवटी उच्चारातही शिरला. मॅकचे मॅक, एमसी किंवा नुसता एम आणि वर खूण, ही सगळी 'मुलगा' या एकाच गेलिक शब्दाची लेखनरूपे आहेत. एक स्कॉटिश आणि दुसरे आयरिश, हा समज निराधार आहे.

योगाची ही हकीकत वाचताना मी मोडीचा विचार करत होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि बोरू न उचलता अक्षराला अक्षर जोडत जातात. मोडी कागदाची बाळबोध नक्कल करताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाने ऱ्हस्व-दीर्घ भरले आणि आडनावे तिथे पहिल्यांदा फाटली. इंग्रजीत जाताना ती दुसऱ्यांदा फाटली. गावांचीही तीच गत झाली. आमच्या सुवर्णदुर्गाचे इंग्रजांनी सेव्हर्नड्रूग केले. कमोडोर विल्यम जेम्सने १७५५ मध्ये तो किल्ला घेतला, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने लंडनमधल्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ जो त्रिकोणी मनोरा बांधला त्याचे नाव आजही सेव्हर्नड्रूग कॅसल आहे. रोज हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला येणाऱ्यांना पाण्यात समोर दिसणारा हा किल्ला लंडनच्या एका टेकडीवर असा अपभ्रंश होऊन उभा आहे. पुढे १८७० च्या दशकात भारतीय स्थलनामे रोमन लिपीत कशी लिहावीत याची पद्धत सरकारसाठी विल्यम विल्सन हंटर यांनी रूढ केली, आणि तीच हंटर पद्धत थोड्याफार फरकाने आजही आपल्या नकाशांवर चालते. हे हंटर ग्लासगोत जन्मलेले स्कॉटिश गृहस्थ होते.

स्कॉटलंडमधली आडनावे स्थिर व्हायला मात्र सरकारी दप्तर लागले. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या होत्या, त्यांतली सर्वांत जुनी १५५३ पासूनची. एकाच घरातल्या तीन भावंडांच्या बाप्तिस्म्याला तीन स्पेलिंगे आढळणे तिथे नवलाचे नाही. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीचे दाखले इतके तपशीलवार होते की तेवढा तपशील नोंदवणे पुढे परवडले नाही; वंशावळ शोधणारे आजही त्या एका वर्षाच्या दाखल्यांना सोन्यासारखे जपतात. ज्या वर्षी मायदेशात हे दप्तर उघडले त्याच वर्षी रॉबर्ट नेस्बिट मुंबईत वारले.

या नोंदींतली एक गोष्ट मला मनापासून भावली. स्कॉटलंडच्या जुन्या कागदपत्रांत आणि थडग्यांच्या दगडांवर विवाहित बाईचे माहेरचे आडनाव सहसा टिकून असते. ती अमक्याची पत्नी म्हणून नोंदली जाते, पण तिचे नाव आणि आडनाव तिच्या बापाकडून आलेलेच असते. त्यामुळे आईकडच्या बाजूचा मागही तिथे काढता येतो. माझ्या लग्नाच्या दिवशी केळशीकर हे आडनाव माझ्या सगळ्या कागदांवरून एका रात्रीत गेले. माझ्या आईचे आणि आजीचे माहेरचे आडनाव तर कुठल्याच कागदावर नाही, ते आम्हा बहिणींच्या तोंडी उरले आहे. स्पेलिंग बदलले तर माग निदान अडखळत का होईना पुढे जातो. नावच पुसले गेले तर तो तिथेच तुटतो, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

वेगवेगळ्या स्पेलिंगांचे एकच आडनाव ओळखायला साउंडेक्स नावाची एक युक्ती वापरतात. तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये निघाले. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे, असे एकूण तीन. 'एस'च्या गटाला २, 'बी'च्या गटाला १, 'टी'च्या गटाला ३. त्यामुळे निस्बेट, नेस्बिट, दोन 'टी'चे आणि 'ए-आय'चे, सगळे 'एन २१३' या एकाच खणात येऊन पडतात. मी वहीत आमचे आडनाव मांडून पाहिले. 'एच' असलेले आणि नसलेले केळशीकर दोन्ही 'के ४२२' झाले, म्हणजे भाच्याचे दोन दाखले एका खणात आले. आजोबांच्या पासावरचे केल्स्कर मात्र 'के ४२६' निघाले, कारण 'एस' आणि 'के' एकाच गटातले. मधला इकार कारकुनाने गाळल्यामुळे ते एकमेकांना चिकटले, दोघांचा मिळून एकच आकडा धरला गेला आणि रिकाम्या जागी 'आर'चा ६ येऊन बसला. एका स्वराने आजोबा त्यांच्या स्वतःच्या घरातून बाहेर पडले. अशा वेळी गाव आणि उच्चार यांचाच हात धरावा लागतो. कोणीतरी मोठ्याने नाव उच्चारले की ते कुठले हे कळते.

भाच्याचे प्रतिज्ञापत्र झाले आणि यापुढे 'एस-एच'चेच स्पेलिंग सगळीकडे लावायचे असे आम्ही दोघांनी ठरवले. त्याच्या शेजारी बसून मी घराण्याचे एक टिपणही सुरू केले आहे. मथळ्याला बाळबोधीत केळशीकर, आणि त्याखाली आढळलेले प्रत्येक रूप, ते कोणत्या कागदावर आहे, कोणत्या साली आणि कोणाच्या नावापुढे. यादी वाचताना भाचा गिरणीच्या पासाच्या नोंदीपाशी थांबला आणि म्हणाला, "आत्या, हे केल्स्कर तर चुकीचंच आहे, ते काढून टाकूया का?" मी ती ओळ तशीच ठेवली आणि तिच्यासमोर लिहिले: आजोबा, गिरणीचा पास, खाली सही बाळबोध.